विश्लेषण : खांद्यावर शांत बसलेला इग्वाना खरंच माणसाळलेला असतो का?

रील पाहून हिरवा इग्वाना पाळावासा वाटतोय? थांबा. त्याचे शांत बसणे हे अनेकदा प्रेम नसून भीती असते.

स्वभाव कसा असतो?
वीतभर पिल्लू शेपटीसह दीड मीटरपर्यंत वाढते. वयात आलेला नर विणीच्या हंगामात पाळणाऱ्यावरही धावून जातो. वेगाने मान वरखाली करणे, गळ्याखालची कातडी ताणणे, शेपटी हलवणे हे इशारे. ते दुर्लक्षिले, तर शेपटीचा फटका किंवा चावा ठरलेला.

कायदा काय सांगतो?
हा विदेशी प्राणी 'साइट्स'च्या परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी बंधनकारक आहे.

आणि घोरपड?
दिग्रसच्या शेतशिवारातली घोरपड इग्वाना नव्हे. तिला अनुसूची १ चे संरक्षण आहे. ती पकडणे, पाळणे हा गुन्हाच. दिसली तर वन विभागाला कळवा.