परतीचा दिवस कोरडा

आपल्या माळव्यातील मराठी घरांना समुद्र तसा परकाच. पूर्वज नर्मदा ओलांडून इकडे आले ते घोड्यांवरून आणि छकड्यांतून. गलबताशी आपला संबंध इतिहासाच्या पुस्तकापुरता. ओंकारेश्वरास जावे, घाटावरची साखळी धरून तीन बुड्या माराव्यात, आणि चौथीचा हट्ट धरणाऱ्या मुलाला बखोटीस धरून वर आणावे, एवढीच आपली जलविद्या. अशा घरांतील मुलेमुली अलीकडे कोकणात, गोव्यात, अंदमानात जाऊन पाण्याखाली श्वास घेण्याचे शिक्षण घेतात आणि त्याचे रीतसर प्रमाणपत्र आणून दाखवतात, तेव्हा कौतुक करावे की काळजी करावी हे वडीलधाऱ्यांना उमजत नाही. या महिन्यात त्याविषयी लिहावयाचे आम्ही योजिले, कारण हा प्रश्न नुकताच आमच्या सिमरोलच्या घरापर्यंत चालत आला.

आमची पुतणी आणि तिचा आतेभाऊ यांनी गेल्या हिवाळ्यात मालवणजवळ तारकर्ली येथे स्कूबाचा पहिला अभ्यासक्रम पुरा केला. आता विद्यार्थी म्हणून नव्हे, तर आपल्या अधिकाराने समुद्रात उतरावे असा दोघांचा बेत. वहिनींचा त्याला विरोध आणि थोरल्या बंधूंचे मौन. ते मौन विरोधाहून कठीण. पुतणी सव्वीस वर्षांची आहे, स्वतः मिळवते. परवानगीवाचून तिचे काही अडले नसते. परंतु आईला दुखवून जावे असे तिला वाटत नव्हते, आणि आईला समजावून सांगेल असे कोणी सापडत नव्हते. म्हणून बेताचा कागद घेऊन दोघे आमच्याकडे आली. "काका, तुम्ही एकदा वाचा आणि आईशी बोला." आम्ही वाचला, आणि वहिनींचे भय निराधार नाही असे आमचे मत झाले. तसे आम्ही पुतणीला सांगितलेही.

कागदावर नऊ दिवस होते आणि दहा बुड्या. प्रथम मालवण, मग खोल समुद्रातील आंग्रिया बँक, मग कर्नाटकात मुरुडेश्वरासमोरचे नेत्राणी बेट, पुन्हा मालवणास येऊन शेवटच्या सकाळी एक बुडी, आणि त्याच दुपारी मोटारीने निघून रात्री आंबोलीस मुक्काम. जणू पुन्हा कधी समुद्र दिसणारच नाही!

पहिल्या प्रमाणपत्राचा अर्थ फार मर्यादित असतो, आणि तो तसा असण्यातच त्याचे मोल आहे. ज्या परिस्थितीत शिकलात तिच्यासारख्याच परिस्थितीत, जोडीदारासह, १८ मीटरपर्यंत उतरण्यास तुम्ही पात्र आहात, एवढेच ते सांगते. त्यासाठी खुल्या पाण्यात चार बुड्या झालेल्या असतात. चार! मोटारीचा परवाना मिळाल्यावर दुसऱ्याच रात्री कोणी भेरूघाट उतरावयास निघत नाही. शिवाय शिक्षणानंतर सहा महिने, वर्ष उलटले असेल, तर आधी उजळणीची एक बुडी शिक्षकाबरोबर घ्यावी. हात विसरतात, चष्म्यात शिरलेले पाणी नाकाने फुंकून काढण्याची युक्ती वहीत लिहून राहत नाही.

आंग्रिया बँकेचे नाव कागदावर का आले, हे आम्ही ओळखले. कान्होजी आंग्र्यांचे नाव ज्या प्रवाळभूमीस मिळाले ती पाहावी, ही इच्छा मराठी मनाला शोभणारी आहे. परंतु ती विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून दूर, आणि तिचा अगदी उथळ माथाही पाण्याखाली सुमारे वीस मीटर. म्हणजे जेथे तिचा आरंभ, तेथे आमच्या मुलांचा अधिकार संपलेला. नेत्राणी सुंदर खरे, परंतु तेही उघड्या समुद्रात, किनाऱ्यापासून नौकेने बरेच आत. दोन्ही नावे आम्ही पुढल्या वर्षांसाठी राखून ठेवण्यास सांगितली. भाच्याने मग दुसरी कल्पना काढली: मधल्या काळात सराव म्हणून इकडेच इंदिरा सागरात उतरावे. त्यावर मात्र आमचा स्वर चढला. गढूळ पाणी, उभी राहिलेली मृत झाडे, मासेमारीची जाळी, आणि त्या पाण्याखाली २००४ साली बुडालेले हरसूद. तेथील लोकांनी आपल्या हातांनी आपली घरे उतरवली होती. ती सरावाची जागा नव्हे.

गणित शिकवण्याचा अधिकार आमचा नसला तरी या ठिकाणी आम्ही खडू हाती घेतला. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरलेली असते. त्यातील ५० बार शिल्लक ठेवून वर यावयाचे हा शिरस्ता. म्हणजे वापरण्याजोगी हवा १,६५० लिटर. नवखा मनुष्य धडधडत्या छातीने मिनिटाला पंचवीस लिटर सहज घेतो, तेही जमिनीवरच्या मापाने. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. त्यामुळे १० मीटरवर हाच खर्च पन्नास लिटर, १८ मीटरवर सत्तर. पहिल्या ठिकाणी तेहेतीस मिनिटे मिळतात, दुसऱ्या ठिकाणी तेवीस, आणि त्यांतच वर येण्याचा वेळ धरावयाचा. सावकाश वर यावयाचे, मिनिटाला नऊ मीटरांहून अधिक नाही, आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे पाणी उथळ आहे म्हणून नाक मुरडणाऱ्या भाच्याने हा हिशेब दोनदा करून पाहिला. उथळ पाणी म्हणजे अधिक वेळ, अधिक उजेड आणि अधिक मासे. तेथला सागर १९८७ पासून अभयारण्य आहे. तरंगण्याचा तोल ज्याला अजून साधलेला नाही त्याच्या पायांची एक लाथ प्रवाळाची कित्येक वर्षांची वाढ मोडते. तोल साधणे हाच पहिल्या सहलीचा अभ्यास असावा असे आमचे मत.

आता परतीविषयी. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीरातील ऊतकांत विरघळतो. दाब सावकाश उतरला तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम उतरला तर गोळीच्या सोड्याची बाटली फोडल्यावर होते तसे त्याचे बुडबुडे बनतात. ते सांध्यांत अडले तर वेदना, मज्जारज्जूत अडले तर पाय लुळे. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर येण्याची पहिली भरवशाची कोष्टके दिली, तेव्हापासून हे सारे ज्ञात आहे. परंतु पाण्याबाहेर आल्यावर ते संपत नाही, हे कोष्टक पाठ करणारेही विसरतात. शरीरातील नायट्रोजन बाहेर पडावयास कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यात मनुष्य उंचावर गेला तर हवेचा दाब आणखी उतरतो. म्हणून विमानात बसण्यापूर्वी एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास जाऊ द्यावेत असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला आहे.

"पण काका, आंबोली म्हणजे काही विमान नव्हे," पुतणी म्हणाली.

नाही खरे. परंतु हा सल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीस लागू धरला जातो, आणि आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मालवणाहून आठ टक्क्यांच्या आसपास कमी. चार दिवस लागोपाठ पाण्याखाली राहावे, शेवटची बुडी सकाळी घ्यावी आणि संध्याकाळी घाट चढून निजावे, हा बेत शरीरावरचा जुगार होय. आणि रात्री घाटमाथ्यावर गुडघा ठणकू लागला तर? उपचाराचा दाबकक्ष गावोगाव नसतो. किनाऱ्यावरच्या मनुष्याला या गोष्टीचा विचार करावा लागत नाही; तो बुडी मारून सायकलवरून घरी जातो. आपण पठारावरची माणसे, आपल्या परतीच्या वाटेवर कोठे ना कोठे घाट असावयाचाच. पुतणीने आकडे स्वतः पडताळून पाहिले, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग कागद उलटा करून मागच्या बाजूस नवा बेत लिहू लागली.

तो असा झाला. मोटार नको, मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळ, आणि परतही तशीच. ही वाट बहुतांशी किनाऱ्याच्या बाजूने जाते, माळव्याची चढण दुसऱ्या रात्री येते. महिना डिसेंबर, कारण पावसाळ्यात तेथील जलक्रीडा बंद असतात आणि थंडीत पाणी बरेच नितळ. पाण्याचे दिवस तीन, दिवसाला दोनच बुड्या, पहिली मार्गदर्शकाबरोबर ८ मीटरच्या आत. एक दिवस राखीव: वारा सुटला किंवा कोणाला पडसे झाले तर त्याच्यासाठी, कारण सर्दीने नाक बंद असताना पाण्यात उतरणे म्हणजे कानाचा पडदा गहाण टाकणे. शेवटचा दिवस पूर्ण कोरडा.

दोन गोष्टी आम्ही कागदाबाहेर सांगितल्या. मालवणात स्कूबा म्हणून जे बहुसंख्य प्रवाशांस मिळते ते प्रशिक्षक हात धरून दाखवतो ते पाण्याखालचे दर्शन. प्रमाणपत्रधारकाने आधीच कळवून, वेगळी नौका, योग्य मार्गदर्शक आणि खोली ठरवून घ्यावी, नाहीतर गर्दीत ढकलले जाणे आहेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचे प्राण गेले. पाण्याखाली नव्हे, पाण्यावर. नौकेत माणसे अधिक दिसली, जीवरक्षक जाकिटे पुरी नसली, तर दिलेले पैसे सोडून किनाऱ्यावर उभे राहावे. बुडी कोणत्याही क्षणी, कारण न सांगता रद्द करण्याचा अधिकार प्रत्येक पाणबुड्याला असतो. जोडीदाराने त्यावर चेष्टा करावयाची नाही, हे वचन आम्ही भाच्याकडून घेतले.

वहिनींना आम्ही तो कागद दोन्ही बाजूंनी दाखवला. मागची बाजू त्यांनी शांतपणे वाचली, राखीव दिवसावर बोट ठेवले, आणि विचारले की कोरड्या दिवशी ही दोघे करणार काय. पुतणी म्हणाली, सिंधुदुर्ग पाहणार. १६६४ साली कुरटे बेटावर बांधावयास घेतलेला तो किल्ला, आत महाराजांचे मंदिर, चुन्यात उमटलेले हातापायाचे ठसे, आणि भोवती खारट समुद्र असताना गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी. वहिनी म्हणाल्या, साखरबावचे पाणी मला पाहावयाचे आहे. थोरल्या बंधूंनी तेव्हा प्रथमच तोंड उघडले आणि कुडाळची तिकिटे किती दिवस आधी मिळतात ते विचारले. चौघांची काढली आहेत; परतीची आधी.