त्वचेची निगा की त्वचेचा रंग?

नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान करावयाचे आणि पुढे वर्षभर त्वचेची विचारपूसही करावयाची नाही, अशी आपल्या घरांची रीत होऊन बसली आहे. पणजीपासून ग्वाल्हेरपर्यंत मराठी माणूस जेथे जेथे वसला, तेथे तेथे त्याने ही एका दिवसाची रीत निष्ठेने नेली. उरलेले दिवस मात्र त्याने दोन मतांच्या हवाली केले. पहिले मत असे की, त्वचेची काळजी म्हणजे नट्टापट्टा, आणि तो भल्या माणसास शोभत नाही. दुसरे मत असे की, त्वचेची काळजी म्हणजे गोरे होणे. ही दोन्ही मते चुकीची असून दोहोंनी मिळून आपले मोठे नुकसान केले आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिल्या मताचा समाचार प्रथम घेऊ. त्वचा हे इंद्रिय आहे. प्रौढ माणसाच्या अंगावर ती दीड ते दोन चौरस मीटर पसरलेली असते. शरीरातील पाणी आत राखणे, जंतूंना बाहेर थोपविणे आणि घामावाटे उष्णता आवरणे ही तिची कामे. तिचा बाह्य थर सुमारे चार आठवड्यांत नवा होतो. दात रोज घासणाऱ्याला कोणी छचोर म्हणत नाही, मग पायाच्या भेगांना तेल लावणाऱ्याला का हसावे? गोव्याच्या खाजणात आणि बेळगावकडील भातशेतीत पावसाळाभर उभे राहणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ग्वाल्हेर-इंदूरच्या कोरड्या थंडीत टाचा फुटून रक्त येते. ही भेग म्हणजे जंतूंना उघडे दार होय. निरोगी माणसाचा पाय त्यामुळे सुजतो, मधुमेही माणसाला तर कधी कधी पायच गमवावा लागतो. हा काय नट्टापट्टा झाला?

बरे, ही काळजी आपल्याला परकी तरी आहे काय? वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त 'दिनचर्या' नावाचा एक अध्यायच लिहिला. त्यात अभ्यंग सांगितला आहे तो नित्याचा, आणि विशेषेकरून डोके, कान व पाय यांना. आपण त्या दिनचर्येची वर्षचर्या केली, आणि वर परंपरेचा अभिमानही मिरवतो!

आता दुसरे मत. ते अधिक घातक आहे, कारण ते काळजीचा वेष घेऊन येते. विटेवरच्या सावळ्याला डोळे भरून पाहणारे आपण घरातली सावळी मुलगी दिसताच चिंतातुर होतो! वास्तविक त्वचेतील कृष्णद्रव्य, ज्याला मेलॅनिन म्हणतात, ते सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचाव करण्यासाठी निसर्गाने दिलेले छत्र आहे. ते पुसून टाकणे ही निगा नव्हे. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले. २०२० साली त्याच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. डबीवरचा शब्द बदलला, 'गोरी वधू पाहिजे' म्हणणाऱ्यांचे मन बदलले काय?

आमच्याच नात्यातील बेळगावची गोष्ट. मुलीचे लग्न ठरत होते. आत्याने मायेने एक ट्यूब आणून दिली आणि म्हणाली, "दोन महिने लाव ग, कशी उजळतेस बघ." मुलगी खरोखर उजळली. तिसऱ्या महिन्यात चेहरा लालभडक झाला, पुटकुळ्या उठल्या, उन्हात पाऊल टाकताच आग होऊ लागली. ट्यूब थांबविली तर दाह दुप्पट होई. डॉक्टरांनी पाहताच सांगितले, ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. पूर्ववत व्हायला त्या पोरीला वर्ष लागले. आत्याचा हेतू वाईट नव्हता, तिची समजूत वाईट होती.

स्टेरॉइड हे योग्य जागी मोलाचे औषध आहे, परंतु ते चेहऱ्यावर मनमानीने महिनोन्‌महिने चोळले की त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते. नायट्यावर लावले तर खाज तात्पुरती शमते आणि नायटा खालून पसरत जातो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. रंग उजळविणाऱ्या काही मलमांत पारा सापडला आहे, आणि पारा मूत्रपिंडे निकामी करू शकतो. पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली खरी, परंतु कायद्याचा हात आत्याच्या पिशवीपर्यंत पोहोचत नाही. तेथे शहाणपणच पोहोचले पाहिजे.

"ही श्रीमंतांची थेरे," असे कोणी म्हणेल. तर हिशेब पाहा. सकाळ-सायंकाळ सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने तोंड धुवावे, खसखसून घासू नये. स्नानानंतर अंग ओलसर असतानाच हातापायांना खोबरेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे. ज्याला मुरमे येतात त्याने चेहऱ्यावर तेल न लावता हलके मलम वापरावे. बोटांची बेचकी कोरडी पुसावी. दुपारच्या उन्हात छत्री, टोपी, पदर वा पुऱ्या बाह्या असाव्यात. परवडत असेल तर उघड्या भागावर तीस वा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे, कारण वांग उन्हाने वाढतो आणि तो सावळ्या त्वचेलाही सोडीत नाही. लिंबू, सोडा, दंतमंजन यांचे प्रयोग चेहऱ्यावर करू नयेत. यात श्रीमंती कोठे आहे? दहा मिनिटे आणि थोडी शिस्त, एवढेच भांडवल.

रोज अंगाला हात लावण्याचा आणखी एक लाभ आहे. फिकट किंवा लालसर चट्टा आणि तेथे स्पर्श कळत नाही, असे आढळले तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरील औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि वेळीच घेतले तर रोग पुरता बरा होतो. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, तेथील भाषा बोलणाऱ्यांनी असा चट्टा पावडरीखाली झाकावा, ही लाजेची गोष्ट आहे. लाज रोगाची नव्हे, लपविण्याची.

म्हणून आयाबहिणींना, आणि त्यांच्याहून अधिक बापभावांना, आमचे सांगणे एवढेच: मुलीला रंग बदलायला शिकवू नका, आणि मुलाला त्वचेकडे दुर्लक्ष करायला शिकवू नका. दोघांनाही धुणे, पुसणे, तेल लावणे आणि पाहणे शिकवा. दिवाळीच्या पहाटे काढलेली तेलाची वाटी भाऊबीज झाल्यावर फडताळात ठेवू नका. ती न्हाणीघरातच राहू द्या.