वळणावर अडलेली आगगाडी मुलांच्याच हातात राहू द्या



विजेवर चालणारी छोटी आगगाडी सरळ रुळावर झोकात धावते आणि वळण आलं की अडते, नाहीतर घसरते. मूल हिरमुसतं. मग आपण मोठी माणसं काय करतो? "आण इकडे, मी बघतो" म्हणून गाडी काढून घेतो, नाहीतर सरळ कपाटावर ठेवून देतो. माझं स्पष्ट मत आहे, की दोन्ही वेळा आपण मुलाकडून विज्ञानाचा एक चांगला धडा हिरावून घेतो.

पहिली गोष्ट, अडणं आणि घसरणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मुलाला आधी तेवढंच ओळखू द्या.

गाडी अडते तेव्हा पुढचा दिवा बघायला सांगा. या गाड्यांत वीज बहुधा रुळांमधून चाकांवाटे मोटारीपर्यंत जाते. दिवाही विझला तर वीज तुटते आहे. रुळावर किंवा चाकांवर काळी घाण असेल, किंवा वळणावर ताण येऊन रुळांचा सांधा सैल झाला असेल. दिवा चालू आहे पण गाडी ओढत नाही, तर कुठेतरी घर्षण जास्त आहे.

गाडी घसरते तेव्हा प्रश्न दुसरे. दरवेळी त्याच जागी घसरते का? मग संशय रुळावर. सांध्यावरून नख फिरवलं की उंचवटा लगेच कळतो. कुठल्याही वळणावर एकच डबा घसरतो का? मग त्याची चाकं तपासा. इंजिनामागे हलका डबा आणि त्याच्यामागे जड डब्यांची रांग असेल, तर तो हलका डबा वळणाच्या आत ओढला जातो. डाव्या वळणाला लागूनच उजवं वळण असेल, तर मध्ये सरळ रुळाचा एक तुकडा घालून बघा.

नियम एकच: एका वेळी एकच बदल. आधी नुसतं इंजिन, हळू वेगात. मग एकेक डबा जोडा. मग उलट दिशेने चालवा. प्रत्येक वेळी आधी अंदाज, मग चाचणी, मग वहीत नोंद.

यात गणितही आहे बरं का. एचओ मापाची गाडी खऱ्या गाडीच्या १/८७ असते आणि तिच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी असतं. पूर्ण वर्तुळात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा २ × π × १६.५, म्हणजे सुमारे १०४ मिमी लांब भरतो. गंमत म्हणजे वर्तुळ लहान घ्या की मोठं, फरक तेवढाच! पण एका दांड्यावरची दोन्ही चाकं सहसा एकत्रच फिरतात. चाकांचा उतार थोडी मदत करतो, उरलेला फरक घसटत पार पडतो. लहान वर्तुळात तोच फरक थोड्या अंतरात भरून काढायचा असतो, म्हणून तिथे गाडी जास्त अडते.

ही अडचण खऱ्या रेल्वेलाही चुकलेली नाही. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर इतकी तीव्र वळणं आहेत, की तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाकं वळणावर थोडी वळतील अशी खास रचना करावी लागली.

कुणी म्हणेल, "एवढा वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम कधी संपवायचा?" प्रश्न रास्त आहे. पण आपल्या प्रयोगवह्या आठवून बघा. उत्तर आधीच ठाऊक असतं आणि निरीक्षणं त्याला जुळवून लिहिली जातात. इथे तसं चालत नाही. अंदाज चुकला तर गाडी पुन्हा घसरते, मार्क देऊन ती रुळावर येत नाही. एका तासिकेत हे शिकता आलं तर तासिका वाया गेली असं मी मानणार नाही.

महागडा संचच हवा असं नाही. सेलवरची प्लास्टिकची गाडीही वळणावर घसरते. तिच्यात रुळांतून वीज येतच नाही, म्हणजे वरच्या यादीतली कुठली कारणं आपोआप बाद होतात? हे मुलांनाच विचारा.

आपलं काम थोडंच आहे. हात लावण्याआधी वीज बंद आहे ना, ते पाहायचं. रूळ पुसायला स्पिरिट लावलेलं कापड आपल्या देखरेखीखाली द्यायचं. आणि विचारायचं, "कुठे घसरली? दरवेळी तिथेच का? आत्ता काय बदललंस?" उत्तर माहीत असलं तरी जरा दम धरा!