इंदूर की उज्जैन?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत घरोघरी आखले जात असतील, म्हणून हा अंक आम्ही माळव्यातल्या दोन शेजारी शहरांना दिला आहे. अंतर जेमतेम ५५ किलोमीटर, पण तऱ्हा निराळी. इंदुरात होळकरांचा राजवाडा पाहावा आणि रात्री, सराफ्यातल्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच दारात गरमागरम भुट्ट्याचा कीस खावा. उज्जैनचा दिवस मात्र महाकालाच्या भस्मारतीने पहाटेच उजाडतो. २०२८च्या सिंहस्थात तिथे पाय ठेवायला जागा नसेल. निवांत पाहायचं तर आताच.

आम्ही डावं-उजवं ठरवलेलं नाही. मुलंबाळं, वडीलधारी आणि खर्च यांचा मेळ घालत मुक्काम कुठे सोयीचा, एवढंच मांडलं आहे. तुमचा कौल कुणाला, का, हे आम्हाला जरूर कळवा.