विश्लेषण : शिडाची होडी घेणे सोपे, मालवणच्या खाऱ्या हवेत ती टिकवणार कोण?

इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा तवंग नाही, खोल जेटीची गरज नाही. शिडावर चालणारी छोटी कॅटामरान मालवण-तारकर्लीच्या पर्यटनाला साजेशी आहे. पण आपल्याकडे होडीच्या खरेदीची चर्चा होते, देखभालीची होत नाही. समुद्रात माणसाचा जीव मात्र देखभालीवरच अवलंबून असतो.

कॅटामरान म्हणजे नेमके काय?

हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. अर्थ, बांधलेली लाकडे. कोकणालाही ही कल्पना परकी नाही. अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी लाकडाची उलांडी बांधायची, म्हणजे होडी सहज कलंडत नाही, ही इथली जुनी पद्धत. आजच्या कॅटामरानमध्ये फायबरच्या दोन पोकळ, अरुंद होड्या ॲल्युमिनियमच्या दांड्यांनी जोडलेल्या असतात आणि मध्ये बसायला जाळी ताणलेली असते. जगभर चालणारी ‘होबी १६’ सुमारे ५ मीटर लांब असून तिचे वजन दीडशे किलोच्या आत आहे. चौघे मिळून ती वाळूवर ओढू शकतात.

खारी हवा काय करते?

स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिली, की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. सांध्यावर पांढरी भुकटी दिसली तर समजावे, आतून झीज सुरू आहे. दोन धातूंमध्ये नायलॉनची चकती हवी. स्टेनलेस स्टील गंजत नाही, हाही गैरसमज. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा टोकाच्या जोडापाशी आतून कमजोर होतात. तारेचा एक धागा तुटलेला दिसला तरी ती तार बदलायची, ‘हा सीझन काढू’ म्हणायचे नाही.

खारी हवा काय करू शकते, हे मालवणने अलीकडेच पाहिले. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याआधीच सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजल्याचे पत्र दिले होते. पुतळा पडण्याची कारणे अनेक सांगितली गेली. पण गंज दिसल्यावर काम लगेच थांबवून दुरुस्ती करायची असते, हा धडा होडीलाही लागू आहे.

रोज काय पाहायचे?

- फेरी संपल्यावर तारा, कप्प्या, सुकाणूचे बिजागर गोड्या पाण्याने धुवा. कामातला अर्धा भाग एवढाच.
- जुळ्या होड्यांच्या मागच्या बुचांतून पाणी काढा. रोज जास्त पाणी निघत असेल, तर कुठेतरी तडा आहे.
- बोटाच्या पेराने फायबरवर टकटक करा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतले थर सुटले आहेत.
- शिडाची आणि जाळीची शिवण पाहा. कापडाआधी उन्हाने दोराच कुजतो.
- डोलकाठी पाणी धरत नाही ना, याची खात्री करा. होडी कलंडल्यावर डोलकाठीत पाणी शिरले, की ती पूर्ण उलटी होते आणि सरळ करणे अवघड जाते.
- होडी ओढताना वर विजेची तार नाही ना, हे पाहा. डोलकाठी धातूची असते.

पावसाळ्यात काय?

राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या काळात मच्छीमार होडी किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवतात. लाकडी होडीला काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची रीत आहे. म्हणजे बंदीचा काळ हा देखभालीचा काळ, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. फायबरच्या होडीलाही तोच नियम : डोलकाठी उतरवा, शीड वाळवून गुंडाळा, बुचे उघडी ठेवा, होडी जमिनीला बांधा. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने सैल बांधलेल्या होडीचे काय होते, ते दाखवले आहे.

मग हवे काय?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेट आणि प्रवासीसंख्येची चर्चा होते. ती हवीच. पण होडी शेवटची कधी तपासली, तारा कधी बदलल्या, हे विचारणारा कुणी नसतो.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पर्यटन होडीच्या परवान्यासोबत देखभालीची वही सक्तीची असावी आणि तिची प्रत किनाऱ्यावर पर्यटकाला पाहता यावी. होड्यांसाठी कर्ज वा अनुदान देताना देखभालीचा खर्च त्यातच धरावा; नाहीतर दोन सीझनने होडी झुडपात पडते. तिसरे, जुन्या सुतार-कारागिरांची मुले फायबर आणि तारांचे काम शिकतील, असे प्रशिक्षण आयटीआयमध्ये मालवणातच सुरू व्हावे. पुण्या-मुंबईहून मिस्त्री येईपर्यंत कुणी फेरी थांबवत नाही. धोका तिथेच आहे.

पर्यटकांनीही एक करावे. होडीत बसण्याआधी भाडे विचारतो, तसे ‘शेवटची तपासणी कधी झाली?’ एवढे विचारावे. उत्तर पटकन आले नाही, तर किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्लाही छान दिसतो.