कयाकला पाय लागतात किती?



कयाक म्हणजे ती चिंचोळी होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. धडधाकटांची मजा, असं आपण धरूनच चालतो. पण बसल्यावर काम असतं खांद्यांचं, हातांचं, पाठीचं. पाय फक्त टेकू द्यायला. ग्वाल्हेरच्या प्राची यादवचे पाय अधू. आधी पोहायची, मग भोपाळच्या छोट्या तलावात वल्हं हातात घेतलं. टोकियो पॅरालिम्पिकची अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये हांगझोला आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचं सुवर्ण, 'व्हा' होडीचं रौप्य. 'व्हा' म्हणजे बाजूला आधाराचं लाकूड असलेली होडी. कोकणात त्याला उलांडी म्हणतात, म्हणजे आपल्याला नवीन काहीच नाही. आणि देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण १९७२ मध्ये आपल्या मुरलीकांत पेटकरांचं, तेही पाण्यातलंच!

आपण एमआयडीसीच्या उशाला राहतो. मशीनमध्ये बोटं गेलेली, रुळांवर पाय गेलेली माणसं प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यांच्या वाट्याला काय? ३ डिसेंबरला शाल आणि फोटो.

होडीतले बदल किरकोळ आहेत. उंच पाठीची सीट, बाजूला फोम, कलंडू नये म्हणून तरंगे. पकड नसेल तर वल्ह्याला हातपट्टा, पण उलटलं तर झटक्यात सुटणारा. माणसाला होडीत घट्ट बांधायचं नाही, हे पहिलं. खरी अडचण काठावरच आहे: जेटीला पायऱ्या, वाळूत खुर्चीची चाकं रुततात, आणि बाईमाणसाला जाता येईल असं शौचालय नाही.

आपल्या खाडीत मात्र मी कुणाला उतरवणार नाही. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिलं होतं. ज्याला पायाची जखम कळतच नाही, त्याला घाण पाणी फार महागात पडतं. सूर्या नदीच्या वरच्या अंगाला, पावसाळा सोडून, संथ पाणी बघावं लागेल.

"आधी पेन्शन, घरकुल बघा" असं कुणी म्हणेल. बघाच, त्यातला रुपया हलवू नका. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खेळाचंच आहे, आणि ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठीच असतो. एकट्या कुंभवलीला झेपणार नाही. बोईसर, सालवड, पास्थळ आणि आपण मिळून एक उतार, दोन होड्या आणि एक शिकलेला माणूस, एवढं जमेल की नाही?

पुढच्या ग्रामसभेत मी हे लेखी देतोय. ज्यांच्या घरात दिव्यांग माणूस आहे, त्यांनी त्यालाच विचारून मला कळवा: पाण्यात उतरायला आवडेल का, आणि काठापर्यंत पोचायला काय लागेल?