चिंचेला श्वास घेऊ द्या

शाळेपुढची चिंच शेंड्याकडून वाळत चालली आहे. फांदी पोरांवर पडेल, म्हणून झाड तोडा, असे मोठी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. वाळक्या फांद्या तेवढ्या छाटाव्यात. खरे दुखणे खाली आहे. पाराचे सिमेंट बुंध्याला भिडलेय. भोवती ट्रॅक्टर उभे राहून माती दगडासारखी झालीय. मुळांनाही हवा लागते. बारीक मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीतच असतात. म्हणून सिमेंट हळूच काढावे. ट्रॅक्टर लांब लावावेत. खोल खणू नये, मुळं तुटतात. पालापाचोळा जाळू नये, बुंधा सोडून पसरावा. पाणी फांद्यांच्या टोकांखाली घालावे. पालवीला दोन-तीन पावसाळे लागतील. पण नवे रोप एवढे होईपर्यंत आम्हीच आजोबा होऊ!